हिशेब त्यालाही येत होता

अमेरिकेत सेंट लुईसच्या पश्चिम उपनगरात वेस्टपोर्ट प्लाझा नावाचा हॉटेलं, ऑफिसं आणि खाण्यापिण्याच्या जागांचा एक परिसर आहे. तिथे बेसबॉलपटू अल्बर्ट पुहोल्सचा दहा फुटी ब्राँझचा पुतळा आहे. जिवंत माणसाचा पुतळा उभारू नये असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, त्यात तथ्य असावं. कारण 2 नोव्हेंबर 2011 ला या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा कागदोपत्री पुहोल्स सेंट लुईस कार्डिनल्सचा खेळाडूच नव्हता. पाच दिवसांपूर्वी संघानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली होती, रस्त्यांवरून मिरवणूक निघून गेली होती, आणि त्याचा करार संपला होता. तो आता फ्री एजंट होता, म्हणजे ज्या संघाशी जमेल त्या संघाशी बोलणी करायला मोकळा. ज्या रेस्टॉरंटसमोर पुतळा उभा केला होता, त्यालाही नाव त्याचंच होतं. महिन्याभरानं, 8 डिसेंबरच्या सकाळी बातमी आली की तो लॉस एंजेलिस एंजल्सकडे चाललाय. दहा वर्षं, 24 कोटी डॉलर. पुढे रेस्टॉरंटनं आपलं नाव बदललं. पुतळा राहिला.

नागपूरहून आलेल्या माणसाला बेसबॉल लगेच आवडत नाही. वर्षाला 162 सामने, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज एक, आणि त्यातल्या निम्म्या वेळात काहीच घडत नाही अशी आपली खात्री होते. मला हा खेळ रेडिओनं शिकवला. ऑफिसातून घरी येताना केएमओएक्स लागलेलं असायचं, माइक शॅनन त्यांच्या खरखरीत आवाजात कॉमेंट्री करायचे, आणि पुहोल्सची पाळी आली की बाजूच्या गाडीतला माणूसही आवाज वाढवतोय हे काचेतून दिसायचं. मैदानावर पाहिलं तर तो पाय चांगलेच फाकवून, गुडघ्यांत वाकून उभा राहायचा. बॅट शांत, डोकं शांत. मग एक छोटी, आखूड हालचाल, आणि चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत.

आकडे सांगायलाच हवेत, कारण बेसबॉलचं प्रेम आकड्यांतूनच व्यक्त होतं. 2001 ते 2011 या अकरा मोसमांत त्यानं कार्डिनल्ससाठी 445 होम रन (आपल्याकडचे षटकार म्हणा) मारले आणि त्याचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज होतं .328. हजार प्रयत्नांत तीनशे हिट घेणारा, म्हणजे .300 चा, फलंदाज इथे उत्तम समजतात. 2005, 2008 आणि 2009 असे तीन वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. आणि हे सगळं करणारा मुलगा सँटो डोमिंगोमध्ये जन्मलेला, सोळाव्या वर्षी अमेरिकेत आलेला, याच मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्सच्या शाळेत आणि कॅन्सस सिटीच्या एका कम्युनिटी कॉलेजात खेळलेला. 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवी मुलं निवडतात त्यात, तेराव्या फेरीत, 402 व्या क्रमांकावर त्याला उचललं होतं. त्याच्याआधी 401 मुलं कुणाकुणाला बरी वाटली होती! बाहेरून येऊन इथला झालेला माणूस, म्हणून आम्हा देशी मंडळींचा त्याच्यावर जरा जास्तच जीव होता. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मागच्या रांगेत फोनवर स्कोअर बघणारे जे कोणी होते, त्यांच्यात मीही होतो.

2011 चं वर्ष विचित्र होतं. फेब्रुवारीत सराव शिबिर सुरू होईपर्यंत नवा करार झाला नाही तर मोसमभर बोलणी करणार नाही, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. मुदत संपली, करार झाला नाही. मग सहा महिने गाव एकाच प्रश्नाच्या सावटाखाली सामने बघत होतं. जूनमध्ये त्याच्या मनगटाजवळचं हाड मोडलं. महिना-दीड महिना लागेल असं सांगितलं गेलं, तो दोन-अडीच आठवड्यांत परत आला. वर्षाअखेर त्याचं अ‍ॅव्हरेज .299 भरलं. कारकिर्दीत पहिल्यांदाच तीनशेच्या खाली, तेही एका हजारांशानं. इतर कुणाच्या बाबतीत ही चर्चासुद्धा झाली नसती. त्याच्या बाबतीत मात्र तो आकडा सगळ्यांनी टिपून ठेवला, आम्हीही, आणि अर्थातच संघाच्या ऑफिसातल्या लोकांनीही.

मग ऑक्टोबर, वर्ल्ड सिरीज. टेक्सासमधल्या तिसऱ्या सामन्यात त्यानं एकट्यानं तीन होम रन मारले. सहाव्या सामन्यात कार्डिनल्स दोनदा हरण्यापासून फक्त एका स्ट्राइकवर, म्हणजे एका हुकलेल्या चेंडूवर, आले आणि दोनदा वाचले. त्या रात्रीचं श्रेय डेव्हिड फ्रीसला मिळतं, ते योग्यच आहे. पण नवव्या डावात एक बाद असताना डबल मारून, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठून, त्या सगळ्याला सुरुवात करणारा पुहोल्स होता, आणि दहाव्या डावात तर समोरच्यांनी त्याला खेळूच न देता मुद्दाम बेस देऊन टाकला. बत्तीसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला असा मान मिळतो, तेव्हा त्याचं वय झालंय हे कुणाला पटणार?

पटत होतं, पण. हीच तर गंमत होती. त्या हिवाळ्यात ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी जो तो अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विमा कंपनीतला आयुष्याचे हिशेब मांडणारा माणूस, झाला होता. बेसबॉलचा फलंदाज साधारण सव्वीस ते तिशीत फुलतो आणि तिशीनंतर उतरतो, पहिल्या बेसवर खेळणाऱ्या जाडजूड माणसाचे गुडघे आणि टाचा आधी जातात, दहा वर्षांचा करार म्हणजे शेवटची पाच-सहा वर्षं पाण्यात. हे सगळं आम्ही एकमेकांना समजावून सांगत होतो, आणि त्याच दमात "पण त्याला जाऊ देऊ नये" असंही म्हणत होतो. संघाची पहिली ऑफर पाच वर्षं, 13 कोटींची होती, आणि ती मनाला लागली असं त्याची बायको डिआड्रा नंतर इथल्याच एका रेडिओवर बोलली. नंतरची ऑफर दहा वर्षांची, सुमारे 21 कोटींची होती असं छापून आलं. मायामीनंही मोठी रक्कम पुढे केली होती, पण मर्जीविरुद्ध दुसऱ्या संघाला विकणार नाही असं कलम घालायला ते तयार नव्हते. त्या हिवाळ्यात मायामीनं ज्यांना करारबद्ध केलं, त्यातल्या बड्या खेळाडूंना वर्षभरात टोरांटोला पाठवूनही दिलं, त्यामुळे पुहोल्सला माणसं ओळखता येत नव्हती असं काही म्हणता येणार नाही.

बातमी आली त्या दिवशीचा राग मला आठवतो. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले, त्याची जुनी वाक्यं उकरून काढली. दोन-चार मिलियन जास्त मिळतात म्हणून असं गाव कशाला सोडायचं, अशा अर्थाचं तो पूर्वी बोलला होता. हावरट, ढोंगी, असे शब्द रेडिओवर ऐकू येत होते. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, मोटारींच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. कारखाना बंद पडला तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती त्यांची. ते या गावातले सगळ्यात कट्टर कार्डिनल्सभक्त, म्युझिअलला खेळताना पाहिलेले. मला वाटलं ते तर तापलेले असतील. ते कुंपणाशी बर्फ ओढत होते. म्हणाले, "मला वाईट वाटतंय. राग नाही आला. आमच्या मालकांनी हिशेब केला तेव्हा त्याला कुणी हाव म्हटलं नव्हतं."

घरी वेगळाच सूर होता. मी जेवताना तेच तेच बोलत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "पंधरा टक्के वाढीसाठी पुण्याची नोकरी सोडलीस तेव्हा तुझ्या मॅनेजरनं तुझा शर्ट जाळला होता का रे?" मी म्हटलं, मी पुण्यात पुतळ्याच्या लायकीचा नव्हतो. ती म्हणाली, "म्हणजे लायक माणसानं स्वस्तात राहायचं." या बाईला बेसबॉलमधलं काही कळत नाही, आणि वाद तिनंच जिंकला.

स्टॅन म्युझिअलचं नाव वर आलं, ते या गोष्टीत येणारच. बुश स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, सामन्याच्या आधी भेटायचं म्हणजे त्या पुतळ्यापाशी. बावीस मोसम, 1941 ते 1963, सगळे कार्डिनल्सकडे, मधलं एक वर्ष नौदलात. त्याला लोक 'द मॅन' म्हणत. पुहोल्सला कुणी तेच स्पॅनिशमध्ये म्हणायला लागलं, तेव्हा त्यानंच विनंती केली की मला ते म्हणू नका, त्या नावाचा माणूस इथे एकच आहे. हा सभ्यपणा गावानं मनात जपला होता, म्हणून त्याच्याकडून म्युझिअलसारखंच सगळं आयुष्य एका संघात काढण्याची अपेक्षा होती. पण म्युझिअलची निष्ठा तपासून बघायची सोयच तेव्हा नव्हती. 1946 मध्ये मेक्सिकन लीगनं त्याच्यापुढे पैसा ठेवला होता आणि त्यानं नाकारला, हे खरं. मात्र अमेरिकेतल्या दुसऱ्या संघात जाणं त्याच्या हातात कधीच नव्हतं. करारात एक कलम असायचं, त्यामुळे मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाच्या मालकीचा राहायचा. विकायचा, बदलायचा, कमी पगारावर ठेवायचा, सगळं मालकाच्या मर्जीवर.

ते कलम मोडायला निघालेला माणूसही याच संघातला. कर्ट फ्लड कार्डिनल्सचा सेंटर फिल्डर होता, 1964 आणि 1967 च्या विजेत्या संघांतला. ऑक्टोबर 1969 मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आलं. बारा वर्षं या गावात काढलेली, वर्षाला 90 हजार डॉलर पगार, तेव्हाच्या मानानं भरपूर. त्यानं जायला नकार दिला. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं की मी माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री करण्याची मालमत्ता नाही. कृष्णवर्णीय माणसानं 1969 च्या अमेरिकेत हे वाक्य लिहिलं म्हणजे त्याचा रोख कुठे होता हे सांगायला नको. 1970 चा आख्खा मोसम तो घरी बसला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972 मध्ये तो हरला. कारकीर्द संपली ती संपलीच. तीन वर्षांनी, डिसेंबर 1975 मध्ये पीटर साइट्झ नावाच्या लवादानं दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला, ते कलम ढासळलं आणि फ्री एजंट ही जमात जन्माला आली. फ्लडला त्यातून एक डॉलरही मिळाला नाही.

तर, ज्या गावच्या खेळाडूनं हा हक्क मागताना स्वतःला संपवलं, त्याच गावाला चाळीस वर्षांनी दुसऱ्या खेळाडूनं तो हक्क वापरल्याचा राग आला. 1969 मध्येही फ्लडला शिव्या देणारे पुष्कळ होते. एवढा पगार असून रडतो कशाला, हेच तेव्हाचं म्हणणं.

आता या पगाराबद्दल. पुहोल्सनं 2001 मध्ये पहिल्या वर्षी 37 होम रन मारले तेव्हा त्याला किमान पगार होता, 2 लाख डॉलर. पुढच्या वर्षी 6 लाख, त्याच्या पुढच्या वर्षी 9 लाख. त्या तिसऱ्या वर्षी, 2003 मध्ये, .359 अ‍ॅव्हरेजसह तो लीगमध्ये पहिला होता. 2004 मध्ये त्याला सात वर्षांसाठी 10 कोटी मिळाले, तेव्हा गावाला वाटलं केवढा पैसा. 2008-09 मध्ये तो पृथ्वीवरचा सर्वोत्तम फलंदाज होता आणि त्याच्याहून कमी कुवतीची माणसं त्याच्याहून जास्त कमावत होती. त्या काळात मला तरी एकाही कार्डिनल्सभक्तानं "याला फार कमी मिळतंय हो" असं हळहळून सांगितल्याचं आठवत नाही. उलट कौतुक व्हायचं, काय सौदा केलाय संघानं! खेळाचा नियमच असा आहे की सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत मोकळं होता येत नाही, त्यामुळे विशीतलं उत्तम काम स्वस्तात जातं आणि त्याची वसुली तिशीत करावी लागते. ती वसुली जो संघ भरतो, त्याच्या वाट्याला माणसाची ओहोटी येते. आधीची भरती दुसऱ्यानं भोगलेली असते. इथे भोगली होती आम्ही.

अनाहाइमच्या, म्हणजे एंजल्स जिथे खेळतात त्या गावच्या, करारातला पगाराचा तक्ता पाहिला तर हे नागडं दिसतं. 2012 मध्ये 1 कोटी 20 लाख, 2013 मध्ये 1 कोटी 60 लाख, 2014 मध्ये 2 कोटी 30 लाख, आणि तिथून दरवर्षी दहा लाखांनी चढत 2021 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, 3 कोटी. मालक आर्टे मोरेनो काही अडाणी नव्हते. दूरचित्रवाणीच्या नव्या कराराचा पैसा येत होता, आणि त्यांच्या लीगमध्ये एक सोय होती जी सेंट लुईसकडे तेव्हा नव्हती. बेसबॉलचे संघ दोन लीगमध्ये विभागलेले असतात. एंजल्सच्या अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जागी फक्त बॅटिंग करणारा एक गडी खेळवता येतो, क्षेत्ररक्षण न करणारा. दुखऱ्या टाचांच्या माणसाला तिथे म्हातारपण काढता येतं. सेंट लुईसच्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा ते चालायचं नाही. इथे राहायचं तर पहिल्या बेसवर उभं राहायलाच हवं होतं.

मग त्यानं काय करायला हवं होतं? आम्हाला वर्षानुवर्षांचा आलेख वाचता येत होता, संघाला येत होता, अनाहाइमला येत होता. फक्त ज्याच्या टाचा होत्या त्यानं तो वाचू नये, अशी आमची अपेक्षा होती. संघानं शहाणपणानं आकडा कमी ठेवला म्हणून आम्ही संघाला दूरदर्शी म्हटलं, आणि त्याच आलेखाकडे बघून त्यानं जास्त आकडा घेतला म्हणून त्याला हावरट म्हटलं. एकाच हिशेबाला दोन नावं. त्या हिवाळ्यात हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तरी राग येत होता. प्रेमाचं म्हणणं असं असतं की तू हिशेब करू नकोस, मी करतो.

पुढची काही वर्षं मी जरा क्षुद्रपणे घालवली. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आमच्याकडे रात्री नऊनंतर सुरू होतात, झोपायच्या आधी त्याचा स्कोअर बघायची सवय लागली होती. चार पाळ्यांत शून्य हिट असतील तर मनात एक बारीकसं "बरं झालं" उमटायचं. 2013 मध्ये पायाच्या तळव्याच्या दुखण्यानं त्याचा मोसम जुलैतच संपला. त्याच वर्षी, तो गेल्याची भरपाई म्हणून अनाहाइमकडून कार्डिनल्सना मिळालेल्या ड्राफ्टच्या पाळीवर घेतलेला मायकेल वाका नावाचा बावीस वर्षांचा पिचर लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि आम्ही वर्ल्ड सिरीजमध्ये होतो. ती बॉस्टनविरुद्ध हरलो, ते सोडा. ऑफिसातले अ‍ॅक्चुअरी त्या महिन्यात छाती काढून हिंडत होते. एंजल्सना त्या दहा वर्षांत एकदाच, 2014 मध्ये, पुढची फेरी दिसली, तीही कॅन्सस सिटीनं तीन सामन्यांत आटोपली. आणि संघात तोवर माइक ट्राउट आला होता, त्यामुळे अनाहाइमला जीव लावायला घरचा मुलगा होता. पुहोल्सचा पाचशेवा होम रन, सहाशेवा, 2018 मध्ये सिअ‍ॅटलला तीन हजारावी हिट, सगळं त्या कपड्यांत झालं. त्यांचेही कपडे लालच असतात. टीव्हीवर पटकन बघितलं तर क्षणभर फसायला व्हायचं.

नागपूरकडे मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू मला बघायला मिळाली. 2015 मध्ये वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडून खेळायला आला, सदतीस वर्षांचा. आमच्या संघानं तोवर रणजी कधी जिंकली नव्हती. 2017-18 मध्ये जिंकली, 2018-19 मध्ये परत जिंकली. त्या दुसऱ्या मोसमात चाळिशीतल्या जाफरनं हजाराहून अधिक धावा केल्या. मधे इराणी करंडकात जामठ्याच्या मैदानावर 286. बाबा फोनवर सांगायचे, "अरे, तो खेळत नाही बाप्पा, आपल्या पोरांना समोर उभं करून शिकवतो." एका मुंबईकर मित्राजवळ मी कौतुकानं विषय काढला. तो म्हणाला, "जाफर ना, हो, गेला तुमच्याकडे," आणि लोकलच्या गर्दीवर बोलायला लागला. मुंबईकडे इतके आहेत की एखादा गेल्याचा खड्डा पडत नाही. पण विदर्भाला उतरत्या वयातला माणूस मिळाला आणि त्यानं अख्खं घर उभं केलं. अनाहाइमला तो आनंद मिळाला नाही, यात पुहोल्सचा दोष किती आणि आकड्याचा किती? जाफरच्या डोक्यावर 24 कोटींची पाटी नव्हती. प्रत्येक बाद होण्याला कुणी भागाकार करत नव्हतं.

वेळापत्रकच असं होतं की एंजल्स सेंट लुईसला येईपर्यंत जून 2019 उजाडला. शुक्रवारच्या पहिल्या पाळीला मैदान उभं राहिलं आणि बसेनाच. यादियर मोलिना, त्याचा जुना जोडीदार आणि आता समोरच्या संघाचा कॅचर, उठून पुढे गेला आणि त्याला मिठी मारली. शनिवारी मी स्टँडमध्ये होतो. त्या दिवशी पुहोल्सनं डावीकडे होम रन मारला, आमच्याच पिचरला. आणि आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवून वाजवून त्याला डगआउटमधून बाहेर बोलावलं. माझ्यापुढे एक बाई पोराला सांगत होती की आपल्याला रन पडलाय, तरी आपण टाळ्या वाजवतोय. पोराला ते काही केल्या कळत नव्हतं. पाच नंबरचा शर्ट कार्डिनल्सनी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला दिला नव्हता, हेही त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना नव्यानं सांगितलं.

मे 2021 मध्ये, त्या 3 कोटींच्या वर्षात, अनाहाइमनं त्याला काढून टाकलं. अ‍ॅव्हरेज होतं .198. उरलेला मोसम तो डॉजर्सकडे राखीव म्हणून खेळला. आणि 28 मार्च 2022 ला कार्डिनल्सनी त्याला परत आणलं. एक वर्ष, 25 लाख डॉलर. त्याच वर्षी नॅशनल लीगनंही फक्त बॅटिंगवाल्या गड्याचा नियम कायमचा स्वीकारला होता, नाहीतर भावना कितीही असत्या तरी त्याला उभं करायला जागा नव्हती. संघाचा मॅनेजर ऑली मार्मोल त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. मे महिन्यात एका एकतर्फी सामन्यात गंमत म्हणून त्याला पिचिंग करायला लावलं, चार रन गेले, तो हसत होता, सगळे हसत होते. जुलैच्या सुरुवातीला अ‍ॅव्हरेज दोनशेच्या आसपास घुटमळत होतं आणि आम्ही मनाची समजूत घातली होती की निरोपाचं वर्ष आहे, एवढं चालायचंच. त्यानंतर जे झालं त्याचं कारण कुणाला नीट सांगता आलेलं नाही. ऑगस्टपासून चेंडू बाहेर जायला लागले. 23 सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये एकाच सामन्यात 699 वा आणि 700 वा. त्याच्याआधी सातशे गाठणारे बाँड्स, एरन आणि रूथ, एवढेच. वर्षाअखेर 24 होम रन, अ‍ॅव्हरेज .270, कारकिर्दीचे एकूण 703.

आता गावात सगळे म्हणतात की तो गेला हेच बरं झालं. वाईट वर्षं तिकडे काढली, चांगली इकडे, पैसे भरले तिसऱ्यानंच. मला हा समाधानी सूर आवडत नाही. 2022 मध्ये आमचं प्रेम उतू गेलं, कारण ते 25 लाखांत बसत होतं. त्या वर्षी तो .200 वर राहिला असता तरी कुणी भागाकार केला नसता. खरी परीक्षा 2017 मध्ये झाली असती, आमच्याच मैदानावर, अडीच कोटींच्या वर पगार आणि लंगडत पहिल्या बेसकडे धावणारा माणूस. आम्ही त्याला हूट केलं असतं का? शेजारचे आजोबा म्हणायचे, केलं असतंच, या गावाला आपल्या सभ्यतेचा फार गर्व आहे पण तो सातव्या डावापर्यंत टिकतो. मला तरी ती वर्षं इथे बघायला आवडली असती. तीन हजारावी हिट सिअ‍ॅटलच्या लोकांनी पाहिली, त्यांना काय त्याचं?

2022 चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू पुहोल्स नव्हताच, तो होता त्याच संघातला पॉल गोल्डश्मिट, पहिल्या बेसवरचाच. डिसेंबर 2024 मध्ये सदतिसाव्या वर्षी तो फ्री एजंट म्हणून यँकीजकडे गेला, एका वर्षासाठी. कुणी शर्ट जाळला नाही, कुणी रेडिओवर फोन केला नाही. मी बातमी वाचली आणि चहा घेतला. हे शहाणपण म्हणायचं की त्याच्यावर आमचा तेवढा जीवच नव्हता, ठरवता येत नाही.

पुहोल्स अजूनही बातम्यांत असतो. डोमिनिकन लीगमध्ये एस्कोहिदो संघाचा मॅनेजर होऊन त्यानं 2025 मध्ये विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षीच्या शरदात एंजल्सनी त्याच्याशी मॅनेजरपदाबद्दल बोलणी केली आणि ती फिसकटली. मी ही बातमी जरा जास्तच उत्साहात घरी वाचून दाखवली असावी.

"तुला कशाचा एवढा आनंद?" बायको म्हणाली. "आता तर तो खेळतही नाही."

"पुन्हा त्यांचे कपडे घालून उभा राहिला असता."

"त्यांचेही लालच असतात ना? तूच सांगितलं होतंस."

"तो लाल वेगळा," मी म्हटलं.